बीम लपवला तेव्हाची गोष्ट

अरे, आमच्या साहेबाची मजा तं ऐका. तिरोड्याच्या एका नव्या दवाखान्याचं थ्रीडी मॉडेल मी बनवून राहिली होती. बीम, पाइप, वायरी सगळं कॉम्प्युटरवर एकत्र आणायचं आणि काय कशाले धडकते ते बांधायच्या आधीच पकडायचं, हेच माहं काम. पाहतो तं काय, संडासाचा मोठा पाइप सरळ बीमाच्या पोटातून गेलेला!

साहेबाले दाखवलं. ते म्हणे, "डॉक्टर मॉडेल पाहाले येऊन राहिले. अभी पाइप छुपा दे. साइटवर बीम फोडून घेऊ."

"सर, बीम असा फोडत नसतात."

"इंजिनियर तू आहेस का मी?"

मी माउस हातात घेतला. दवाखान्याचे मालक डॉक्टर आले. मी स्क्रीनवर मॉडेल लावलं.

साहेब ऐटीत म्हणे, "सांग, कुठे काही धडकते का?"

"नाही सर, काहीच नाही."

पाइप होता तिथंच होता. बीम मी लपवला होता.

डॉक्टर पुढे वाकले. "मॅडम, वरचा मजला कशावर उभा आहे?"

"कशावरच नाही. सर बीम फोडणारच आहेत, मग दाखवायचा कायले?" मी साहेबाकडे वळली. "सर, उद्घाटनाले तुम्हीच याच्या खाली उभे राहा."