तारलीचा भाव कोणी पाडला?

हॅलो?

…कोण? ईदालीना? अगं, भरदुपारी फोन? ब्रसेल्सहून? कोण गेलं?

…कोणी नाही? मग ठीक आहे. बोल.

…हो, हो, कळलं. सकाळीच रेडिओवर सांगितलं. पुढच्या वर्षी तारलीचा हमीभाव आणखी खाली. आणि बांगड्याचा म्हणे वाढवला. बांगड्याने असे काय दिवे लावलेत? …हो ना. आणि तू तिथेच असतेस की, भाव ठरवतात त्याच इमारतीत फरशा पुसतेस. एखाद्या साहेबाच्या पायावर बादली सांडायची होती.

…अगं, मस्करी केली. ओटीलियावहिनी आहे मी तुझी, एवढा हक्क आहे मला.

…तुझा दादा? आत दाढी करतायत. आज त्यांची ऐट विचारू नकोस. यंदा मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष ना ते. लिस्बनहून टीव्हीवाले येतायत. धक्क्यावर भाषण आहे, मग पुतळा समुद्रात बुडवणार.

…पुतळा गं. भाव ठरवणाऱ्याचा. ईस्टरला आपण येशूला दगा देणाऱ्या यहूदाचा करतो ना, तसाच. …नोव्हेंबर आहे, मला कळतं. रागाला काय महिना असतो? …पेंढ्याचा. पोट मी शिवलं. कोट ह्यांचाच, तुझ्या लग्नात घातलेला तो तपकिरी. दुसरं कोणी कोट द्यायला तयार होईना. अध्यक्ष झालं की सगळं आपल्याच घरातून जातं बघ.

…थांबवू? का म्हणून? अगं, चार दिवस भाषण पाठ करतायत. जेवताना काटा वर धरून 'कोण आहे तो, समोर येऊ दे त्याला' म्हणतात. काल पोस्टमन दारात आला तर तो घाबरून पत्र टाकून पळाला.

…थांब जरा, चेस्टनट करपतायत.

…हां, बोल. सां मार्तिन्यूचा सण ना आज, शेगडीवर टाकलेत. नवी वाईनही आणून ठेवलीय. पण ह्यांना कुठलं सणाचं भान. …बोल ना, मी ऐकतेय.

…कोण बाई? …अवेरोची. आपल्याकडची. तिथे भाषांतर करते. बरं. तुम्ही दोघी कॉफी पिता. छान. मग ती काय म्हणाली?

…सरासरी? कशाची सरासरी?

…गेल्या तीन वर्षांच्या भावाची. कुठल्या भावाची पण? …लिलावातल्या. म्हणजे लिलावात रोज जो भाव फुटतो, तो लिहून घेतात, वर पाठवतात, तीन वर्षांचा एकत्र करतात आणि त्याच्यावरून पुढचा हमीभाव. …दरवर्षी असंच? …मग मंत्री काय करतात तिथे जाऊन? …शेवटी बसतात, जरा इकडेतिकडे करतात आणि जेवतात. बरं.

…नाही, ऐकतेय गं. पण कुठल्या लिलावातल्या? स्पेनच्या असणार. त्यांचाच हात आहे ह्यात, मी ह्यांना आधीच म्हटलं होतं.

…मोठमोठ्या बंदरांच्या. म्हणजे कुठल्या कुठल्या?

…आपल्या?

…

…हो, आहे मी. आहे. खुर्ची ओढून घेत होते.

…नाही गं. आपल्या बंदरात तसलं काही चालत नाही. …नाही म्हणजे, थोडंफार. जगात सगळीकडेच चालतं. लिलावात माल गेला की आधी कमिशन कापतात, मग कर. हातात काय उरतं? म्हणून ती चांगली, जाड, तेलकट तारली असते ना… ती जरा मागच्या दाराने जाते. बाल्तझारकडे. त्याचं हॉटेल जोरात चालतं. रोख देतो माणूस, कुठे बोलत नाही.

…लिलावात? लिलावात उरलेली जाते. बारकी, चेंगरलेली. तिला कोण बोली लावणार? मग हमीभावापर्यंत बोली पोचली नाही की सोसायटी तो माल उचलते. परत कोणी विकू नये म्हणून वर निळा रंग ओतते आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी कुटी करणाऱ्या कारखान्याला धाडते. आणि हमीचे पैसे आपल्याला. वाईट काय होतं त्यात? …अगं, रंगावरून आठवलं, शेजारच्या रुझारियाचं मांजर त्या ढिगात शिरलं आणि आठवडाभर निळं हिंडत होतं…

…विषय नाही बदलत मी.

…सगळेच करतात, ईदालीना. अख्खं बंदर करतं. …हो. पहिली सुरुवात तुझ्या दादाचीच. डोकं आहे ना त्यांना. सगळे होडीवाले तांडेल म्हणायचे, आर्मिंदूचं डोकं मंत्र्याला हवं होतं.

…केव्हापासून म्हणजे… तुझी आई गेली त्या हिवाळ्यापासून. …हो. तीन वर्षं. बरोबर तीनच झाली.

…अगं बाई. म्हणजे वर पोचला तो त्या चेंगरलेल्या मालाचाच भाव. आपणच आपलं ताट उपडं केलं आणि वाढणाऱ्याच्या नावाने शंख करतोय.

…कळलं गं, आत्ता कळलं मला. टीव्हीवाली कोणी येईल, ती शिकलेली असणार. तिने विचारलं, की अध्यक्षसाहेब, भाव ठरतो कसा ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला… तर सगळ्या देशासमोर… आणि पुतळ्याच्या अंगात कोट ह्यांचाच.

अहो. अहो, जरा इकडे या. …नाही, तसेच या. फेस राहू दे. …ईदालीना आहे. …कोणी गेलेलं नाही, तुम्ही या आधी.

ईदालीना, देते ह्यांना. मला सांगितलंस तसंच सांग. पण हळू सांग गं. भाऊ आहे तुझा.

…

…हॅलो. मी आहे. ह्यांनी रिसीव्हर हातात दिला, तोही फेसाने बरबटलेला, टोपी घेतली आणि निघून गेले. एकाच गालाची दाढी झालीय गं त्यांची.

…नको, ठेवू नकोस. मला भीती वाटतेय. एकटीला नाही बघवणार मला. वायर खिडकीपर्यंत पोचते, थांब.

…रडत नाहीये. चेस्टनटचा धूर आहे. …बरं, रडतेय थोडी. किती हौसेने पाठ केलं होतं त्यांनी. आता हा माणूस तिथे उभा राहून काय बोलणार? आणि नाही बोलले तर म्हणतील, आर्मिंदू ऐनवेळी शेपूट घालून आला.

…हां, दिसतंय. गर्दी आहे. टीव्हीची गाडी आलीय. एक पोरगी माईक घेऊन उभी आहे, ह्या थंडीत एवढूसा स्कर्ट. …हे पिंपावर चढले. पोरं ओरडतायत, पुतळा बुडवा, पुतळा बुडवा. …उतरले. पुतळ्याकडे गेले.

…ईदालीना, त्याच्या अंगातला कोट काढतायत.

…घातला. स्वतः घातला गं. पेंढा लोंबतोय बाहीतून. …बटण लागेना. तुझ्या लग्नानंतर पोट सुटलं ना.

…आता बोलतायत. भोंग्यावर ऐकू येतंय. …म्हणतात, 'भाव पाडणारा सापडला. हा बघा. मीच. आणि माझ्याबरोबर तुम्ही सगळे.' …अगं, शपथ. सगळं सांगतायत. मागचं दार, लिलाव, तीन वर्षं, सरासरी, तू सांगितलंस तस्संच. …नाही, बाल्तझारचं नाव नाही घेतलं. …हसतायत लोक. …आता नाही हसत. आता जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतोय.

…म्हणतायत, उद्यापासून सगळा माल लिलावात, चांगला वाईट सगळा. मान्य असेल त्याने हात वर करा. …कोणी नाही. …कोणी नाही गं. …एक. म्हातारा सिल्वेस्त्र. …दोन. रुझारियाचा नवरा. …वर झाले. सगळ्यांचे झाले, ईदालीना. पाद्रीबाबांनीसुद्धा केला, त्यांची तर होडीपण नाही. …बाल्तझारचाही होता वर, मी पाहिला. आता कुठे दिसत नाही तो.

…हो. मलाही. लग्न झाल्यापासून इतका अभिमान मला ह्यांचा कधी वाटला नव्हता. अर्ध्या दाढीने का होईना. आज आल्यावर पहिला पेला मी माझ्या हाताने भरून देणार आहे. खरं सांगते, एवढं सोपं होतं, आणि आपण तीन वर्षं…

…थांब. मागचं दार वाजतंय. …ते नाहीत गं, त्यांना त्या पोरीने धरलंय, कॅमेऱ्यासमोर. थांब हं जरा.

कोण? …तू? अरे, आत्ता तर धक्क्यावर हात वर करून उभा होतास. …नाही. नाही म्हणजे नाही. ऐकलंस ना काय ठरलं ते? …आहेत. अंगणात तारलीच्या पाट्या आहेत आजच्या, ओल्या गोणपाटाखाली. त्या लिलावात जाणार, सांगून ठेवते.

…ईदालीना, बाल्तझार आलाय. म्हणतो, ठराव उद्यापासूनचा आहे. आज सणाचं हॉटेल भरलंय आणि गल्लीतली बाकी सगळी दारं त्याच्या तोंडावर फटाफट लागतायत म्हणे. …हाकलतेच आहे गं, तू काळजी करू नकोस. तुझ्या दादाने सगळ्या देशासमोर शब्द दिलाय.

किती?

…किलोला तीनशे एस्कुडो? काल तर दीडशे देत होतास. …पुन्हा बोल. सगळ्या पाट्यांचे?

…नाही, तुला नाही गं, ईदालीना. …हो, हो, शब्द म्हणजे शब्द. …अगं ऐक ना. ह्या टीव्हीवाल्यांचं आटपायला साधारण किती वेळ लागतो?

…अर्धा तास?

बरं. मग ठेवते.