नवऱ्याची सही

दवाखान्याच्या काउंटरवर गर्भपाताचा फॉर्म होता आणि त्यावरून काउंटरवरची बाई आणि एक जोडपं अशा तिघांची जुंपली होती. शुगरच्या रिपोर्टसाठी मागे उभ्या असलेल्या चंद्रभागाबाईंना सगळं ऐकू येत होतं.

"नवऱ्याची सही राहिली," काउंटरवरची बाई म्हणाली.

"माझी केलीय की. एकतीस वर्षांची आहे मी."

"आमच्याकडे दोघांची लागते, मॅडम."

"कायद्यात फक्त तिची लागते," नवरा म्हणाला. "मी करणार नाही."

"तुषार, करून टाक."

"का करू? जिला नवराच नाही, तिने कोणाची आणायची?"

"दादा, भाषण बाहेर. सही नाही तर गोळ्या नाहीत."

"नियम दाखवा मग."

"साहेबांचा नियम आहे."

"बोलवा साहेबांना. अंबडच्या कंपनीत हाफ डे टाकून आलोय, बसतो इथंच."

"तुषार, गोळ्यांची नऊ आठवड्यांची मुदत आज संपते. उद्यापासून ऑपरेशन."

"माहितीये गं. पण हे चूक आहे."

"चूकच आहे. उद्या टेबलावर तू झोपणारेस का?"

तुषारने सही केली.

"बघा, दोन मिनिटांचं काम," म्हणत बाईने गोळ्या दिल्या. त्या पर्समध्ये टाकून बायकोने फॉर्म परत तिच्यापुढे सरकवला.

"आता याच्या सहीखाली लिहा, ही आम्ही मागितली म्हणून. तुमचं नाव, तारीख, शिक्का."

"असं आम्ही लिहून देत नाही."

"का? नियम आहे ना?"

"मॅडम, बाजूला व्हा. पुढे कोण आहे? मावशी, या तुम्ही."

"नाय," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "लिवा तुम्ही. मला काय घाई नाय."