अर्धा श

आणि हे असंच छापायला देणार होतात? वाचून तरी बघितलंत का? वाचा की, मोठ्याने वाचा. नको, मीच वाचते. 'मधमाश्यांची पेटी पचिमेकडे तोंड करून ठेवू नये.' पचिमेकडे! ही कुठली दिशा हो? — बसा. खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय, ते स्टूल ओढा. — तुमची आत्या जन्मभर त्या माश्यांच्या मागे हिंडली, डंख खाल्ले, सहाशे पानं एकटीने टाईप केली, आता ती नाही, पुस्तक तेवढं मागे राहिलंय — आणि ते तुम्ही नेऊन टाकलंत कुणाच्या पुढ्यात? सांगू नका, मला ठाऊक आहे. कापडाच्या दुकानांची रांग संपते तिथे, काचेचं दार, आत गारेगार, 'जुनी फाईल द्या, नवी घेऊन जा' अशी पाटी. तोच ना? माझा धाकटा भाऊ तो. — दचकता कशाला? भाऊच आहे, सख्खा. फाईल बघितली की मला कळतं कुणाच्या हातून आलीये. त्याच्या हातून आली की अर्धा श गेलेला असतो. 'निश्चित'चं निचित, 'प्रश्न'चं प्रन. बाकी सगळं जागच्या जागी, फक्त तेवढा श गडप.

तुम्हाला वाटत असेल, कॉम्प्युटरला मराठी येतं. कसलं येतंय! तुमच्या आत्याने टाईप करायला घेतलं तेव्हा तर त्याला इंग्रजीशिवाय अक्षर माहीत नव्हतं. मग आम्ही काय करायचो? फसवायचो त्याला. त्याला वाटायचं इंग्रजी लिहितोय, आणि त्या जागी फॉन्ट दाखवायचा आपलं अक्षर. त्यात जितक्या कंपन्या तितक्या तऱ्हा — इंग्रजी अक्षराच्या ज्या घरात एकाने क बसवला त्याच घरात दुसऱ्याने वेलांटी बसवली, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. आणि घरं ती किती, दोनशेच्या आसपास! आपली जोडाक्षरं तेवढ्यात मावतात होय? मग कोंबली जागा मिळेल तिथे. 'पश्चिम'मधला अर्धा श असाच एका कोपऱ्यात नेऊन टाकलेला. आता हे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळेल अशा एकाच नव्या पद्धतीत न्यायचं तर तक्ता लागतो — ह्या घरातलं अक्षर हे, त्या घरातलं ते. तक्त्यात एक घर रिकामं राहिलं तर कॉम्प्युटर थांबून विचारतो का? छे. गाळतो आणि पुढे चालायला लागतो, निर्लज्जासारखा.

तर तो तक्ता माझा आहे. ह्याच टेबलावर, ह्याच दिव्याखाली एकेक घर भरलंय मी. हा काय करत होता तेव्हा? चहा पीत होता. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय अक्कल लागते? आई गेली तेव्हा हा एवढासा होता, वेणीफणी करून वाढवलं मी त्याला — हसू नका, खरंच, केस वाढवायचं वेड होतं त्याला. टाईप करायला मी शिकवलं. आणि तो मला म्हणतो, ताई, बटण दाबायचं आणि फाईल द्यायची, तू वाचत काय बसतेस? म्हटलं, बाबा रे, बटणाला डोळे नसतात, आपल्याला दिलेत, शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय इथून काही बाहेर जायचं नाही. तर म्हणाला, लोकांना थांबायला वेळ नाही आता. लोकांना वेळ नाही! मरायला आहे, वाचायला नाही. मग काय, झालं भांडण. जे बोलू नये ते तो बोलला, मीही काही मागे राहिले नाही, आणि तक्त्याची नक्कल घेऊन निघून गेला. तेव्हा त्यात अर्ध्या श चं घर रिकामं होतं. माझ्या ते मागाहून ध्यानात आलं, मी भरलं. त्याला सांगितलं का? का म्हणून सांगू? यायचं होतं की इथे, एवढंच म्हणायचं होतं, ताई, श जातोय गं, बघ ना जरा. मी काय खाल्लं असतं त्याला? नाही आला. जिना चढायला कमीपणा वाटतो साहेबांना.

पण लोक येतात. त्याची काच बघून जातात आणि नाक मुठीत धरून माझ्याकडे येतात, तुमच्यासारखे. महिन्याला दोघं-तिघं ठरलेले. अहो, हल्ली जुन्या फॉन्टचं काम तरी कुणाकडे आहे? सगळेच नव्या पद्धतीत लिहितात. त्याचे हे बिघडवलेले आले नसते तर मी ही खोली केव्हाच सोडली असती. म्हणजे बघा, त्याच्या गाढवपणावर माझी चूल पेटतेय. म्हणते मी कधी कधी मनाशी, असाच राहा बाबा बेअक्कल.

ती कपाटातली? ती त्याच्याकडून झालेली पुस्तकं. घेते मी विकत. — कशाला म्हणजे? चुका काढायला! रसिकतेने घेते की काय? कपाट भरलंय. आता खरं सांगायचं तर त्यांत श आहे. सगळ्यांत आहे, जिथल्या तिथे. छापणाऱ्यांनी पगारी वाचणारा ठेवला असेल कुणीतरी, ह्याच्यात कुठला आलाय एवढा दम. — बरं ते जाऊ द्या. तुमच्याकडून किती उकळले?

काही नाही? असं कसं काही नाही, तो सावलीचेही पैसे लावेल. — त्याने स्वतः सांगितलं नको म्हणून? मग काय म्हणाला? — थांबा. पुन्हा सांगा. नीट सांगा, तोच शब्द सांगा.

'फक्त अर्धा श राहिलाय. ताईकडे न्या, ती करेल.'

असं म्हणाला. अर्धा श. म्हणजे त्याला — आणि जिन्यापर्यंतचा रस्ताही त्यानेच सांगितला? आणि तुमच्या आधी ती बाई आली होती, रेडिओवरच्या नाटकांची फाईल घेऊन, आणि ते नकाशेवाले मास्तर, आणि — सगळ्यांना त्यानेच पाठवलं?

नाही, पाणी नको मला. बसून राहा.

म्हणजे त्याने घर कधीच भरलंय. स्वतःची कामं भरलेल्या तक्त्यातून काढतो, आणि माझ्याकडे पाठवायची तेवढी जुन्या तक्त्यातून. मुद्दाम. मला काम मिळावं म्हणून बिघडवून पाठवतो. आणि मी इथे बसून प्रत्येकाला त्याचा गाढवपणा रंगवून सांगतेय, इतकी वर्षं. त्यांतल्या किती जणांनी परत जाऊन त्याला सांगितलं असेल! आणि तो ऐकून घेत असेल. पुन्हा पुढचा पाठवत असेल. कुणी सांगितलं होतं त्याला? मी हात पसरला होता त्याच्यापुढे? लाज वाटतेय मला, तुम्हाला काय कळणार. जिना चढून यायचं सोडून हे असलं करत बसला मूर्ख.

तुमचं करून देईन. आत्याचा काय दोष त्यात. सहाशे पानं आहेत, वाचूनच देणार, घाई करायची नाही. उठा आता. पैशांचं बोलू नका, उठा म्हणते ना. आणि खाली जिन्यापाशी आणखी कुणी फाईल घेऊन उभं असेल तर सांगा, इथलं काम बंद झालंय.