भाच्याचे पाय

मी पहिली मॅरेथॉन पुरी कशी केली म्हणता? ट्रेनिंग-बिनिंग सोडा, मामामुळं झाली.

मी रोज पहाटे बेसाहून उमरेड रोडनं पळायले जात होतो. आमचा मामा कुहीचा. एक दिवस नागपूरले येताना त्यानं मले पाहिलं, गाडी थांबवली. "काहून पळून राहिला गा? गाडी बिघडली का? बस मागं." मामाले नाही कसं म्हणता येईल? बसलो. असं चारदा झालं. शेवटी मी रस्ताच बदलवला.

मॅरेथॉनच्या दिवशी पस्तिसाव्या किलोमीटरवर पिंढऱ्या दगड झाल्या. फुटपाथवर बसकण मारली. समोर पाहतो तं मामा गाडी घेऊन उभा! म्हटलं, आता "बस मागं" म्हटलं पाहिजे यानं. मी तं तयारच होतो.

पण मामा आला, वाकला, अन् भर रस्त्यात माह्या पाया पडला. आपल्याकडं मामा भाच्याच्या पाया पडते, पण ते घरी, सणावाराले! पळणारे लोकं वळून वळून पाहून राहिले.

"मामा, हे काय करून राहिला?"

"तू पाळण्यात होता तवापासून या पायांवर डोकं ठेवून राहिलो मी," मामा म्हणे. "ते असे हरून बसलेले मले नाही पाहवत. ऊठ."

उठलो. लंगडत लंगडत पुरी केली. गळ्यात मेडल पडलं, तं मामा गर्दीच्या पलीकडं गाडी चालू करूनच उभा.

"झालं ना तुह्या मनासारखं? आता बस मागं."