नावांवरची पट्टी

— नाही हो बाई, काच फुटलेली नाही. ती पट्टी आहे, चिकटपट्टी. मीच लावलीय, आणि मुद्दाम लावलीय, तेव्हा नखाने खरवडू नका. फोनला काही झालेलं नाही. मला एक पुसलेला मेसेज परत पाहिजे. बाहेर पाटीवर लिहिलंय ना तुम्ही — ‘गेलेलं सगळं परत मिळेल’? मग मिळवून द्या. फोटो नको. फोटो घेऊन मी काय करू? एक मेसेज. मंगळवारचा, दुपारचा. कोणी पुसला म्हणजे? मी पुसला. या अंगठ्याने.

बसतो. चाळीस वर्षं उभं राहून काम केलंय, पण बसतो. तुम्ही तुमचं करा, मी सांगतो. टांकसाळीच्या वसाहतीत राहतो मी. टांकसाळ बंद झाली, वसाहत राहिली — आणि वसाहतीचा एक ग्रुप आहे, फोनवर. चारशे माणसं. इथली, इथून गेलेली, नदीपलीकडे जाऊन राहिलेली, सगळी. आधी तिथे काय यायचं? पाणी कधी येणार, कोणाची मांजर हरवली, कोण वारलं. मग सगळ्या देशांचं मिळून केलेलं ते एक नाणं हातात आलं, आणि पेटलं. एक म्हणतो, नाणं गेलं म्हणजे देश गेला. दुसरा म्हणतो, देश खिशात असता तर खिसा फाटल्यावर कुठे शोधला असतास? हसू नका, मीही आधी हसलो होतो. मग आई काढली, बाप काढला. एका भिंतीला टेकून राहणारी दोन घरं, मधली खिडकी विटांनी बुजवून घेतली त्यांनी. नाण्यावरून! ज्या नाण्याला दोघांनी मिळून पाणी पाजलं — म्हणजे एक भट्टीवर होता, एक धुलाईला.

तेव्हा मास्तरीणबाई माझ्याकडे आल्या. ग्रुप त्यांचा. त्या म्हणाल्या, बादकाका, आता तुम्हीच बघा, तुम्हाला सगळे घाबरतात. हो, बादकाका. वसाहतीत मला तेच म्हणतात. तोंडावर म्हणतात, मला चालतं. तपासनीस होतो मी. छापून आलेलं नाणं माझ्या टेबलावर यायचं, दिव्याखाली — एक बाजू, दुसरी बाजू, कड. खोट दिसली की बाद. विचार करायचा नाही. विचार केला की हात थांबतो, आणि हात थांबला की खोटं नाणं पुढे जातं. चाळीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक खोटं नाणं बाहेर गेलेलं नाही. विचारा कोणालाही. आता विचारायला कोण उरलंय म्हणा.

पट्टीचं विचारत होतात ना? सांगतो. नाणी ताटातून यायची, आणि ताटावर बिल्ला असायचा — कोणत्या कारागिराने छापली त्याचा नंबर. सगळे एकाच वसाहतीतले. कोणी मेहुणा, कोणी शेजारी. म्हणून नियम होता: ताट टेबलावर आलं की आधी बिल्ल्यावर कागदाची पट्टी चिकटवायची, मगच दिवा लावायचा. कोणाच्या हातचं आहे ते बघायचंच नाही. आणि एका ताटात तीन बाद निघाली की चौथं बघायचं नाही, ताट सगळं भट्टीत. चांगली असली तरी. तर मास्तरीणबाईंनी फोन हातात दिला, आणि मी पाहिलं — प्रत्येक मेसेजच्या डोक्यावर नाव येतं, डाव्या अंगाला. मी म्हटलं, हे चालणार नाही. हा आपला, तो परका, इथूनच तर सगळी बोंब आहे. घरी गेलो, पट्टी कापली, आणि काचेच्या वरच्या अंगाला आडवी लावून टाकली. मेसेज वर सरकवायचा, नाव पट्टीखाली गेलं की मगच वाचायचं. तीन बाद झाले की माणूस ग्रुपच्या बाहेर — ते मोजायचं काम फोनच करतो, मास्तरीणबाईंनी तसं लावून दिलंय. मास्तरीणबाई म्हणाल्या, काका, असं तर न्यायाधीशसुद्धा करत नाहीत. मी म्हटलं, म्हणूनच.

वाचायचं म्हणजे — मी चौथी शिकलो. वाचतो, पण सावकाश वाचतो. चारशे माणसं दिवसभर लिहितात, ते सगळं वाचायचं तर मला दोन जन्म लागतील. म्हणून मास्तरीणबाईंनी यादी करून दिली, मोठ्या अक्षरात. सोळा शब्द. वाईट शब्द, तुमच्यासमोर वाचत नाही. पहिला मात्र शिवी नाही. पहिला ‘गद्दार’. त्या म्हणाल्या, सगळं तिथून सुरू होतं, तो एक शब्द आला की पुढे माणूस माणसासारखा बोलत नाही. मग काय, शब्द दिसला की बाद. पुढचं वाचायचं नाही, मागचं वाचायचं नाही. पंधरा दिवसांत ग्रुप इतका शांत झाला की लोक एकमेकांना विचारायला लागले, फोन चालू आहे ना? पुन्हा मांजर हरवायला लागली. मला बरं वाटलं. कशाला खोटं बोलू — ऊर भरून आला. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा कोणाला माझा उपयोग झाला होता.

काय म्हणता? होत नाही? बघा तर नीट. आत कुठेतरी असेल ना — एवढं मोठं यंत्र, आत काहीतरी उरत असेल. भट्टीत टाकलं तरी धातू उरतो. … सगळ्यांच्या फोनमधून गेलं? सगळ्यांच्या? मी एकट्याने दाबलं आणि चारशे जणांच्या फोनमधून गेलं? मग ती पाटी काढा बाहेरची. पाटी काढा. लोक वाचून येतात.

रागावलो नाही. माझा आवाजच असा आहे.

तो मेसेज माझ्या भावाचा होता. धाकट्याचा.

अकरा वर्षं बोललेलो नाही आम्ही. तोही टांकसाळीत होता. ठसे कोरायचा. ठसा म्हणजे पोलादाचा तुकडा, ज्याच्यावर नाणं उलटं कोरलेलं असतं, आणि ते इतकं बारीक असतं की श्वास धरून कोरावं लागतं. असा हात मी दुसरा पाहिला नाही. हे त्याला कधी सांगितलं नाही मी. तपासनिसाने सांगायचं नसतं. आपल्या जुन्या नाण्यावरची होडी आठवते ना? त्याची. वल्ह्यांवरून पाणी निथळतंय असं वाटायचं. तर नवीन नाणं ठरलं तेव्हा नदीपलीकडच्या टांकसाळीने कारागीर मागवले, आणि हा निघाला. मला न विचारता निघाला! आमची टांकसाळ बंद पाडणारं नाणं कोरायला माझाच भाऊ. घरात जेवायला बसलो होतो, त्याची बायको वाढत होती, त्याची मुलगी समोर. मी ताटावरून उठलो आणि तो शब्द म्हणालो. यादीतला पहिला. एकदा नाही. त्याच्या बायकोच्या हातात वाढायचा चमचा तसाच राहिला. तो खाली मान घालून ताटातलं संपवत राहिला. लहानपणापासून तसाच — मार खाईल पण बोलणार नाही. सकाळी घर रिकामं.

आणि आता बघा कसं झालं ते. तो ग्रुपात होता, मला माहीत नव्हतं, चारशे माणसं, कोण कोण बघणार. त्याने वाचलं असणार की बादकाका आता कोणाला गद्दार म्हणू देत नाहीत. तर त्याने लिहिलं. आपल्या भाषेत लिहिलं बिचाऱ्याने, सरळ: मी तो गद्दार. पहिला मेसेज तसा. मला शब्द दिसला — बाद. दुसरा आला, त्यातही तोच शब्द, बाद. मंगळवारी तिसरा. लांबलचक. शब्द पहिल्याच ओळीत. बाद, आणि माणूस बाहेर. बुधवारी मास्तरीणबाई धापा टाकत आल्या — काका, अहो ते तुमचे धाकटे होते! त्यांनी तो तिसरा पाहिला होता, पुसायच्या आधी, अर्धा मिनिट. चष्मा नव्हता डोळ्यांवर. त्यांना एवढंच आठवतं: पहिल्या ओळीत ‘दादाने मला गद्दार म्हटलं त्याला अकरा वर्षं झाली’, आणि शेवटी कुठेतरी ‘रविवारी पुलावर येतो, तू आलास तर’. तू आलास तर काय? तर काय, बाई? ते पुसलं गेलं. किती वाजता तेही गेलं. कोणता रविवार तेही.

उभा राहीन ना, दिवसभर उभा राहीन! मला काय उभं राहायचं जड आहे? पण पूल दोन आहेत. बसचा आणि रेल्वेचा, तीन तासांची पायपीट आहे दोघांत. या पुलावर मी आणि त्या पुलावर तो, आणि संध्याकाळी तो म्हणणार, आला नाही म्हातारा. उद्याच रविवार आहे.

हो, मघाशी पैसे दिले त्यातलं परत आलेलं नाणं राहिलंय तुमच्या काउंटरवर. असू द्या. मी ती नवी नाणी बघत नाही. देतो, घेतो, खिशात टाकतो, बघत नाही. ती आली त्याला पाच वर्षं झाली. … कशाला बघू? …

तो दिवा जरा इकडे करा. भिंगाचा. असा. अजून खाली.

एक बाजू सगळ्या देशांची, आकडा आणि दोराची कडी. ठीक आहे. सपाट काम आहे, कोणीही करील. ही आपली बाजू. होडी ठेवलीय. वल्ही तीनच. कड बरोबर. पाणी … आणि ही गाठ ठेवलीय त्याने. इथे बघा, मागच्या दोराला, मुंगीएवढी. जुन्या नाण्यातही होती. चित्रात तिची काही गरज नाही. ती तपासनिसाची जागा. ठसा झिजायला लागला की सगळ्यात आधी ती गाठ पुसट होते, म्हणून मी नेहमी आधी तिथे बघायचो, आणि तो मुद्दाम कोरून ठेवायचा, माझे डोळे शिणू नयेत म्हणून. पलीकडच्या टांकसाळीत तपासायला माणूस नाही, कॅमेरा आहे. कॅमेऱ्याला गाठ लागत नाही. …

खोट नाही यात. शोधली मी.

बाई, एक खरं सांगू का? तुम्ही परक्या आहात म्हणून सांगतो. मंगळवारी तिसरा मेसेज आला ना, तेव्हा मी पट्टी उचलली होती. चाळीस वर्षांत एकदाही उचलली नव्हती. लांबलचक होता म्हणून वाटलं, कोण हा एवढा हट्टी, बघू तरी. कोपरा सोडवला. त्याचं नाव. वाचता आलं मला, नावं पटकन वाचता येतात. आणि माहितेय काय वाटलं? वाटलं, आता जर ठेवला, तर वसाहत म्हणेल, बादकाकाने घरचं ताट वाचवलं. वाटलं, शब्द आहे ना पहिल्या ओळीत? आहे. मग. वाटलं, मलाच शिव्या घालायला आला असणार चारचौघांत, आणि घालायचा हक्क आहे त्याला, म्हणूनच वाचायचं नाही. अंगठा दाबला. मग पट्टी परत चिकटवली, नीट, नखाने दाबून. मास्तरीणबाई सांगायला आल्या तेव्हा मी ‘अरेरे’ म्हणालो. ‘मला कुठे नाव दिसत होतं’ म्हणालो. त्या बिचाऱ्या रडल्या माझ्यासाठी.

नंबर? आहे नंबर. ही काय चिठ्ठी, मास्तरीणबाईंनी दिली. बुधवारपासून खिशात आहे. नाही लावला. लावून काय बोलू? तू काय लिहिलं होतंस, मी पुसलं, परत सांग — असं बोलू? वेळ सांग, पूल सांग, मी तपासून घेतो? … द्या ती चिठ्ठी इकडे. बाई. अहो, काय करताय? मी लावायला सांगितलं का? तुमच्या फोनवरून नको. ठेवा. वाजतोय का? नका, ऐका माझं — उचलला?

तोच आहे. खोकतोय. खोकला तसाच आहे, आधी खोकतो मग बोलतो. तुम्ही बोला ना. तुम्ही विचारा, कोणता पूल म्हणून विचारा, एवढं विचारा फक्त. माझ्या हातात नका देऊ —

हॅलो.

…

हॅलो. हां. …

नाही, चुकून लागला. दुसरीकडे लावत होतो.

…

घ्या तुमचा फोन. काय म्हणाला? ‘बरं’ म्हणाला. ‘बरं, दादा’ म्हणाला. आणि ठेवला नाही त्याने. वाट बघत होता. मीच ठेवला.

आता परत लावू नका. हात लावू नका त्याला. तुमचं गिऱ्हाईक उभं आहे कधीचं, बघा त्याचं काय ते. माझा फोन द्या. आणि ती पट्टी कोपऱ्यात सुटलीय, तेवढी बसवून द्या. सरळ बसवा. नाव दिसता कामा नये.