भरल्या पोटाची गाडी

हॅलो? हां छोटे, बोल… नाही गं, अजून पोचले नाही… केक बरा आहे. मी पण बरी आहे. तू ज्या क्रमाने विचारलंस त्याच क्रमाने सांगतेय.

टेकडीवरच आहे अजून. दुसऱ्या वळणावर, गाडी कडेला लावून… हो, हो, माहितीय बारा वाजता लग्न आहे! माझ्या भाचीचं लग्न मला सांगतेस होय?

काय झालं म्हणजे… गाडी थांबत नव्हती.

अगं किंचाळू नकोस! कान गेला माझा. आत्ता थांबलीय. ब्रेक शाबूत आहेत… अगं ऐक ना, ब्रेक फेल झालेत असं कोण म्हणालं?

हे बघ, ही माझी विजेची गाडी. हिला मी ब्रेक लावतच नाही. आठ महिने झाले, पाय उचलला की ही आपली आपण हळू होते, शहाण्या म्हशीसारखी. उताराचा जोर असतो ना, त्याची वीज करून बॅटरीत परत भरते. त्या भरण्यानेच गाडीला आवर बसतो. म्हणून तर केक हिच्यातून नेते. क्रीमची एक रेघ हलत नाही.

मग आज? आज तुझ्या बहिणीने अतिशहाणपणा केला. रोज चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवते. काल म्हटलं, उद्या मोठा दिवस, वाटेत दगा नको. लावली शंभराला. काठोकाठ! आणि आमचं घर टेकडीवर, गेटातून निघालं की उतार. पाय उचलला… आणि बाई सुसाट!

अगं, पोट भरलेल्या पाहुण्याला वाढायला जा, ताटावर आडवा हात धरतो की नाही? तसं झालं. बॅटरीत जागाच नाही, तर घेणार कुठे? आणि घेत नाही म्हणून अडवतही नाही. समोर पडद्यावर लिहून आलं होतं म्हणे. मी चष्मा कुठे लावला होता? आता लावलाय.

दाबला की ब्रेक! दाबला कसला, त्याच्यावर उभीच राहिले. पायाची सवय मोडलीय गं. हळूच दाबायला जाते आणि खाडकन बसतो. मधला मजला बोटभर पुढे सरकलाय… केकचा मजला! तीन मजली केक आहे ना… नाही, पडला नाही. पण असे आणखी दोन ब्रेक लागले की तिन्ही मजले माझ्या मानेवर.

तुझ्या नवऱ्याला? नको, अजिबात पाठवू नकोस. त्याची गाडी मी पाहिलीय. त्याच्यापेक्षा केक गडगडत सोडलेला बरा.

उपाय आहे. गॅरेजवाल्याला विचारलं मी. आधी पोट धरून हसला मेला. मग म्हणाला, मावशी, उलट्या फिरा. वर पाण्याच्या टाकीपर्यंत चढा. चढावर वीज जाळा, त्र्याण्णवच्या आसपास आणा, मग बिनधास्त उतरा… हो, वर! लग्न पायथ्याशी आणि मी चाललेय शेंड्याला. हस, हस तू.

निघते. तुला गाडीच्या स्पीकरवर टाकते… येतोय आवाज? हां.

अठ्ठ्याण्णव… चढ म्हणजे काय चढ आहे हा. एरवी मी किती जपून चालवते. आज म्हणते, खा गं बाई, खा वीज, उधळ! दिवे लावलेत. वायपर लावलेत, कोरड्या काचेवर चर्र चर्र करताहेत. एसी सोळावर, केकसाठी. आणि सीट गरम करायचं बटण असतं ना, तेही दाबलंय. खालून भाजतेय, वरून गोठतेय. शालीत गुंडाळलेलं धिरडं झालंय माझं!

सत्त्याण्णव. अगं छोटे, मजा येतेय गं… खरंच येतेय. एक सायकलवाला बघत राहिला. लख्ख ऊन, आणि ही बाई शाल घेऊन, वायपर लावून, मोठमोठ्याने हसत टेकडी चढतेय.

काय? फुलवाला आला? जा, जा, बघ. फोन ठेवू नकोस, मी आहे…

…

हॅलो? हां. टाकीमागे रेंज गेली होती. पंच्याण्णव आहे. टाकीला फेऱ्या मारतेय… सातवी. प्रदक्षिणाच म्हण. चौकीदार पाचव्या फेरीला उठून उभा राहिला, आता हात करतोय. हो दादा, हो! लग्नाला चाललेय!

काय गं? रडतेस?… अगं, मला काही होत नाहीये… छोटे, आज घाबरायची पाळी माझी आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी तुझ्या लग्नात केक कोणाच्या हातून पडला? माझ्या. आईने जन्मभर धांदरट म्हणून हाक मारली ती मलाच. तेव्हापासून ठरवलंय, तुझ्या लेकीच्या लग्नात केक असा नेऊन ठेवीन की… काय?

काय म्हणालीस? परत बोल… थांब, कडेला घेते गाडी. हां. बोल.

…

तू?

तू साखरेचं फूल तोडलंस? मागच्या बाजूचं?… सकाळपासून उपाशी होतीस, बरं… आणि तुटलेलं दिसू नये म्हणून केक फिरवलास… आणि मजल्यांमधला खांब हलला. आणि मग मी येऊन उचलला.

सत्तावीस वर्षं, छोटे!

रागावू की काय करू तेच कळत नाहीये. वाईट वाटलं गं. खरंच वाटलं. आई गेली तरी तिला हेच माहीत… आणि आज का सांगतेस? मी दरीत जाईन म्हणून? अगं, न कळताच मरायला नको म्हणून आधी सांगितलंस होय!

थांब… नाही, रडत नाहीये. हसतेय. अगं, त्या लाजेपायी मी केक करायला शिकले! सहा महिने रोज केक करत होते आणि रोज स्वतःच खात होते. म्हणून दुकान काढलं. म्हणून ही गाडी घेतली. म्हणजे माझं अख्खं दुकान तुझ्या त्या एका चोरीवर उभं आहे… अगं बाई गं… पोट दुखायला लागलं माझं…

निघाले परत फेऱ्यांवर… चौऱ्याण्णव… त्र्याण्णव झाले! चल, उतरते. आता बोलू नकोस, नुसता श्वास घे.

पहिलं वळण. पाय उचलतेय… आली! आली गं, धरलं हिने! खाली बसल्यासारखी हळू झाली… शहाणी माझी ती… चौऱ्याण्णव. बघ, भरायला पण लागली.

केक? आरशात बघतेय. तिन्ही मजले जागच्या जागी. मधला बोटभर पुढे आहे, तो तिथे ढकलून बसवीन. वर रिबन येईल, कळणारसुद्धा नाही… आमचं घर मागे पडलं… हे मघाचं वळण. इथेच उभी होते मी. आता बघ कशी चाललेय, राणीसारखी.

फुलवाला गेला? विहीणबाई आल्या?… त्यांना सांग, केक टेकडीला प्रदक्षिणा घालून येतोय.

शेवटचा उतार. पंच्याण्णव… मला मंगल कार्यालयाचं गेट दिसतंय. तू बाहेर कशाला उभी राहिलीस उन्हात? आणि डोळे पूस, काजळ हनुवटीपर्यंत आलंय… दिसतंय मला इथून.

पोचले. बघ, ब्रेकला पायसुद्धा लावला नाही. अकरा वाजून पाच मिनिटं.

आता नीट ऐक. माझ्या पर्समध्ये डबी आहे. त्यात जास्तीची दोन साखरेची फुलं आहेत, मोडलं तर असावं म्हणून नेहमी ठेवते. एक तुझं. आधी ते खा, उपाशी असशील आजपण.

आणि केकपासून चार हात लांब उभी राहा. ठेवते फोन, मला दोन्ही हात लागणार आहेत.