साका सांगणारी माणसं

त्या सकाळी मी पडवी झाडत होते. गॅसवर पेज उकळत होती, अंगणात सुकट वाळत घातली होती, आणि हे पडवीच्या मधोमध मांडी घालून बसले होते. पुढ्यात चिंचोके आणि काजूच्या बिया. चिंचोके म्हणजे भाटे गावच्या कामाला येणाऱ्या बायका, बिया म्हणजे पाली गावच्या. कुठल्या टेबलावर कोणाला बसवायचं ते मांडणं चाललं होतं.

मंडळी, कुठून सुरुवात करावी ते सुचेना, म्हणून ही सकाळ सांगितली. तुम्ही काम आटोपून तसेच आलात. हातांना लागलेला आंब्याचा वास इथवर येतोय. मला भाषणाची सवय नाही. मध्येच थांबले तर जरा सांभाळून घ्या.

हे या कारखान्यात मुकादम झाले तेव्हा एक चूक केली होती. ती ते कधी लपवत नसत, म्हणून मीही लपवत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी गाववार टेबलं लावली. भाट्याच्या बायका एकीकडे, पालीच्या दुसरीकडे. ओळखीच्या आहेत, आपसात जमवून घेतील, असं वाटलं. जमवून घेतलंच! टेबलावर आंबा कापणारी सासू आणि तपासणारी तिची सून. आंबा वरून चांगला, आत साका. पांढरा, आंबट गर. सुनेला दिसला. पण सासूला सांगणार कोण? गेला तसाच रसात. अख्खा लॉट आंबला.

मी सातवी शिकलेली. पुढचं सगळं वाचनालयाच्या पुस्तकांतून. तेव्हा एक पुस्तक आणलं होतं, कामावर माणसं कशी एकत्र बांधावीत त्याबद्दल. एकमेकांशी पटणारी माणसं शेजारी बसवा, असं त्यात होतं. मी मोठ्याने वाचलं. हे म्हणाले, "या लेखकाला सासू नसावी."

तर लॉट आंबल्यावर टेबलं पुन्हा मांडायला बसले होते, त्या सकाळी माझा केरसुणीचा फटका बसला आणि चिंचोके, बिया सगळं एकत्र झालं.

"अगो, काय केलंस हे! पाली भाट्यात नेलीस!"

"मग राहू दे तशीच."

"बायका भांडतील."

"भांडू देत. निदान बोलतील तरी."

भांडल्याच. पहिले आठ दिवस काय कमी ऐकलं यांनी? सुमनताई, तुम्ही पालीच्या, शेजारी भाट्याची आली तेव्हा तुम्हीच म्हणाला होता ना, "मुकादम, हिच्या डब्याला सुकटीचा वास येतो, माझी भाकरी घशाखाली उतरत नाही." आणि महिन्याभराने तुमचा निरोप आमच्या घरी, "वहिनींना सांगा, थोडी सुकट पाठवा." हसा, हसा. त्यांनाही हसूच यायचं.

पण त्या टेबलांवर साका दिसला की कापणारी स्वतःच ओरडायची. यांचा एकच नियम होता. चूक सांगेल तिला बोलायचं नाही, लपवेल तिला बोलायचं. त्यांनी आवाज चढवलेला कोणी ऐकलाय? मी घरात ऐकलाय, तो मीठ जास्त झालं म्हणून.

हे गेले तेव्हा हंगाम ऐन भरात होता. कोणाला काम थांबवता आलं नाही, ते मी समजू शकते. तेराव्याच्या संध्याकाळी तपासणारी सुलभा घरी आली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "काकी, टेबलं परत गाववार झाली. कोणी कोणाशी बोलत नाही. आज साका दिसला आणि मी गप्प बसले." मला तिचा राग नाही आला. मला भीती वाटली. माणूस गेला, ते मी सोसते आहे. त्याने वीस हंगाम खपून जे जमवलं, ते तेरा दिवसांत जाणार का? त्या रात्री मी पडल्या पडल्या एवढाच विचार केला.

आता आपण त्यांच्यासाठी दोन मिनिटं गप्प उभं राहू. एक मागणं आहे. शेजारी आपल्याच गावचं माणूस असेल तर आधी जागा बदला. मी थांबते, तुम्ही बदला.

आणि तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी ही बाई घराबाहेर कशी पडली, असं जे विचारतात, त्यांना सांगते. मी भाट्याची. सकाळी साडेसातला कारखान्यात आले, पालीच्या टेबलावर सुमनताईंच्या शेजारी बसले आणि संध्याकाळपर्यंत आंबे कापले.